बाबांची पंच्याहत्तरी, रामा नायक आणि आम्ही अकरा जण

कोकम_सरबत

नमस्कार मंडळी. एरवी मी रोमातच असते, म्हणजे नुसती वाचत असते. आज धागा काढतेय तोही घरातल्या भांडणावरून, तेव्हा सांभाळून घ्या.

येत्या गुरुवारी बाबांना पंच्याहत्तर पूर्ण होतील. दादाने दोन महिन्यांपूर्वीच ठाण्यात एक हॉल बघून ठेवला होता. सव्वाशे माणसं, चाटचा काउंटर, मोठ्या पडद्यावर बाबांचे जुने फोटो, असा सगळा बेत. बाबा ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे. आम्हाला वाटलं, खूश आहेत. परवा जेवताना एकदम म्हणाले, "मला रामा नायककडे जेवायचंय. पानावर. बाकी तुम्हाला काय करायचं ते करा."

बाबा संगमेश्वरजवळच्या खेड्यातले. १९६८ साली मुंबईच्या व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजात आले, चार वर्षं हॉस्टेलवर काढली. मेस बंद असली की पोरं चालत माटुंगा स्टेशनपर्यंत जायची, ते रामा नायक या उडपी हॉटेलात. त्या जेवणाचं वर्णन आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. पान कसं पुसायचं, पुरीवर भाजी कशी यायची, भाताचा ढीग केवढा, सांबार वाढणारा कसा धावत यायचा. आमच्याकडे भूक लागली की बाबा ही गोष्ट सांगायचे आणि आम्हाला आणखी भूक लागायची.

पण गंमत म्हणजे डोंबिवलीत राहूनही ते गेल्या पन्नास वर्षांत तिथे परत गेलेले नाहीत. का, ते विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात.

आता अडचणी. आम्ही अकरा जण. आई आणि आत्या, दोघींचे गुडघे कुरकुरतात. जागा पहिल्या मजल्यावर आहे असं ऐकलंय. बाबांना साखर आहे, डॉक्टरांनी भाताच्या वाट्या मोजून दिल्यात. माझे चिरंजीव वय वर्षं नऊ, त्यांना रसम म्हणजे काय तेही माहीत नाही. दादा म्हणतो, तिथे धड बसताही येणार नाही, केक कुठे कापणार, बाबांचा दिवस आहे की शिक्षा? वहिनी तटस्थ. नवरा जेवणाच्या बाजूने.

कोणी इतक्यात गेलंय का तिथे? माणसं घेऊन जाण्यासारखं आहे का?

माटुंग्याचा_जावई

जा, बेलाशक जा. सासुरवाडी तिथलीच, त्यामुळे अधिकारवाणीने लिहितो. 😀

पूर्ण नाव 'उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग'. पण ते कोणी घेत नाही, रामा नायक म्हणूनच विचारा. १९४२ पासूनचं. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडलात की समोरच्या बाजारच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. जिना आहे खरा. काकूंना दमादमाने चढू द्या.

मनात धरून जा की अकरा जणांचं एकत्र टेबल मिळणार नाही. जशी पानं रिकामी होतील तशी बसायची सोय होते, निदान आम्हाला तरी नेहमी तसंच बसावं लागलंय. अकराच्या सुमारास पोचा. साडेबारानंतर बँकवाले, कॉलेजची पोरं, कच्छी दुकानदार सगळे येतात.

वाढपी विचारेपर्यंत थांबत नाही, पान रिकामं दिसलं की वाढतो. नको असेल तर हात आडवा धरा. पानात टाकलेलं तिथे खपत नाही. आणि स्वयंपाकघर बघायचं असेल तर खुशाल बघू देतात, चिरंजीवांना आत नेऊन आणा.

केकचं मात्र विसरा.

डेक्कन_क्वीन

मस्त धागा. आमच्या आजोबांचा ऐंशीवा वाढदिवस आम्ही डेक्कनवरच्या गुडलकमध्ये केला होता. १९३५ चं हॉटेल, आजोबा त्याच्याहून थोडेच मोठे. बन मस्का, ऑम्लेट, चहा. अर्ध्या तासात वाढदिवस संपला. घरी येऊन आजी म्हणाली, "आता वरणभात लावते, काहीतरी जेवा." तिच्या लेखी तो वाढदिवस झालाच नव्हता.

उगाच_खवचट

सगळे जा जा म्हणताहेत म्हणून मुद्दाम उलटं लिहितो. जाऊ नका.

आईच्या सत्तरीला आम्ही असाच घोळ घातला. दादरमधलं एक हॉटेल, नाव घेत नाही. लहानपणी निकाल लागला की बाबा तिथे न्यायचे. काचेच्या खाली मेन्यूकार्ड ठेवलेली टेबलं, फॅमिली रूमचे हिरवे पडदे, बडीशेपेची वाटी. तीस वर्षांनी गेलो तर पडदे गेलेले, टेबलं गेलेली, आत निळे दिवे. आईसाठी थालीपीठ मागितलं तर 'थालीपीठ टाकोज' आले. थांबा, अजून आहे. कोणीतरी वाढदिवस असल्याचं सांगितलं असणार. दिवे मालवले, चार पोरं टाळ्या वाजवत आली, केकवर फुलबाजी, आणि स्पीकरवर इतक्या जोरात गाणं की आईने कानात बोटं घातली. सगळं हॉटेल आमच्याकडे बघतंय. आई घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. बिल बघितल्यावर मीही नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. आठवणीतलं हॉटेल आठवणीतच ठेवावं. तिथे भाव वाढत नाहीत.

हलकेच घ्या.

माटुंग्याचा_जावई

खवचटराव, थालीपीठ टाकोज! 🙏 पण तुमच्या हॉटेलाने कात टाकली, त्याचं खापर रामा नायकवर कशाला? तिथे अजून पानच आहे.

भायखळा_ते_परळ

खवचट यांच्याशी थोडी सहमत, पण कारण वेगळं. आम्हाला परत जायला हॉटेलच उरलं नाही.

माझी आजी लालबागला खानावळ चालवायची. पाटी नाही, टेबल नाही, आमच्याच दहा बाय बाराच्या खोलीत. गिरणीतले पंधरा-सोळा जण जेवायला, पाळीप्रमाणे. घाटावरचे गाववाले, बायकामुलं गावी. महिन्याचे पैसे पगाराला. आजीला प्रत्येकाची भाकरी पाठ, कोणाला किती, कोणाला करपलेली चालत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पहिले काही महिने आजीने उधारीवर जेवू घातलं. मग एकेक जण गावी निघाला, उधारी वहीतच राहिली. ती वही आमच्याकडे आहे.

अशा खानावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आजी त्यात होती की नव्हती यावर घरात वाद आहे. आई म्हणते होती, मामा म्हणतो नुसती मोर्चाला गेली होती.

आजीच्या वाढदिवसाचं म्हणाल तर तो कोणालाच माहीत नव्हता. पण वहीत एक नोंद आहे, 'आज जेवण नाही, मी झोपले.' आम्ही भावंडं त्या तारखेला श्रीखंड आणतो.

कोकम, तुमचे बाबा स्वतःहून म्हणताहेत ना, मग जिना काय आणि टेबल काय.

डेक्कन_क्वीन

@भायखळा_ते_परळ, यावर वेगळा धागा काढाच. त्या वहीवर.

वरण_भात_लिंबू

थोडं अवांतर, पण अगदीच नाही.

आपण मुंबईकर सरसकट 'उडप्याकडे जाऊ' म्हणतो, त्यामागे एक देऊळ आहे. उडुपीच्या कृष्णमठाची स्थापना तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी केली. आठ मठ दोन-दोन वर्षांच्या पाळीने पूजा सांभाळतात, आणि पूजेबरोबर येणाऱ्यांचं जेवणही. म्हणजे कांदा-लसूण न घालता शेकड्यांनी पानं वाढायची विद्या तिकडे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली. मुंबईत ती हॉटेलात उतरली.

आणि माटुंगाच का? १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याने पुढे दादर-माटुंग्याची आखणी केली. रुंद रस्ते, झाडं, पाच बागा. कचेऱ्यांत कारकून आणि टायपिस्ट म्हणून आलेली दक्षिणेकडची मंडळी तिथे स्थिरावली. त्यांच्यामागून रामाश्रय १९३९ मध्ये, कॅफे मद्रास १९४० मध्ये आणि रामा नायक १९४२ मध्ये. एकट्या नोकरदाराला दोन वेळा घरच्यासारखं जेवण हवं, ही गरज. भायखळा_ते_परळ यांच्या आजीकडेही तेच, फक्त तिथे भाकरी.

जाता जाता, त्याच माटुंगा स्टेशनावर २०१७ पासून सगळा कारभार बायकांच्या हातात दिला गेला, देशातलं तसं पहिलं स्टेशन.

ओक_ट्री_रोड

इकडे न्यूजर्सीत, एडिसनच्या ओक ट्री रोडवर ओळीने डोशाची दुकानं आहेत. आम्हा मराठी लोकांचे निम्मे वाढदिवस तिथेच होतात. मुलीला 'भारतातल्यासारखं' म्हणून नेलं होतं. पुढे सुट्टीत मुंबईत आल्यावर तिला माटुंग्याला इडली खायला घातली तर म्हणाली, "डिट्टो एडिसन!" आता तिच्या आठवणीतलं हॉटेल कोणतं धरायचं?

बेरी_पुलाव_प्रेमी

आमचं घर ब्रिटानियावालं. बॅलार्ड इस्टेटमधलं इराणी हॉटेल, १९२३ चं. मामा गोदीत नोकरीला, त्यामुळे त्याचा वाढदिवस दुपारीच आणि तिथेच. बेरी पुलावातली ती आंबट लाल फळं इराणहून येतात. मालक बोमन कोहिनूर टेबलाटेबलाशी यायचे, इंग्लंडच्या राणीकडून आलेलं पत्र दाखवायचे. मामाला दर वर्षी दाखवलं आणि मामाने दर वर्षी पहिल्यांदा बघतोय असं बघितलं. २०१९ मध्ये ते गेले, सत्त्याण्णवाव्या वर्षी. पुलाव तोच आहे, पण मामा आता म्हणतो, "पत्र दाखवायला कोणी आलं नाही."

म्हणून सांगतो कोकम, बाबांना जायचंय तर याच वर्षी न्या.

कोकम_सरबत

सगळ्यांचे आभार. हॉल रद्द झालेला नाही, पुढे ढकललाय. दादा फुगून बसलाय. आईला विचारलं जिन्याचं काय, तर म्हणाली, "चढताना देव आठवेन, उतरताना तुझ्या बाबांना."

गुरुवारी जातोय.

कोकम_सरबत

वृत्तांत लिहायला पाच दिवस लागले, कारण गुरुवारी रात्री काय लिहावं ते कळेना.

सकाळी आईने औक्षण केलं. बाबांना गाडीतून नेणार होतो, ते म्हणाले लोकलने. स्लो लोकलच हवी, फास्ट माटुंग्याला थांबत नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं. सव्वाअकराला पोचलो. वर जायला आई-आत्याला बराच वेळ लागला. बाबा मात्र आमच्या आधी वर. वळून पाहिलंही नाही.

जावईबापूंनी सांगितलं तसंच झालं. चार इथे, तीन तिथे, आतोबा एकटे कोपऱ्यात. बाबांची जागा तीन परक्या माणसांच्या टेबलावर आली. एक गळ्यात बँकेचं ओळखपत्र अडकवलेले गृहस्थ, एक मुलगा पाठीवरची सॅक न काढता जेवणारा, एक वयस्कर मद्रासी आजोबा. दादा उठला, त्या बँकवाल्यांना जागा बदलायची विनंती करणार होता. बाबांनी त्याच्याकडे न बघता फक्त तळहात खाली केला. बस म्हणून. दादा बसला.

माझ्या जागेवरून मला बाबांचा उजवा खांदा, कान आणि हात दिसत होता. पान आलं. त्यांनी टोक डावीकडे आहे ना बघितलं, ओंजळभर पाणी शिंपडलं आणि हाताच्या कडेने शिरेच्या दिशेने निपटलं. पानाला कडेला एक चीर होती. ती त्यांनी हळूच दुमडून आत घेतली, सांबार निसटू नये म्हणून. मी चाळीस वर्षं त्यांची लेक आहे. घरी ताटलीत जेवणारा हा माणूस पानाशी इतका सरावलेला असेल असं मला कधी दिसलं नव्हतं.

पुऱ्या झाल्या, भाज्या झाल्या. मग भात. त्यांनी भाताला आळं केलं, मधोमध सांबार घेतलं. एका बाजूने बांध फुटला, तर बोटाने भात सारून लगेच बुजवला. बँकवाले काहीतरी बोलले, दोघं हसले. वाढपी परत आला. मी इकडून डोळे वटारतेय, दोन वाट्या म्हणून. बाबांनी मान वर करून, अगदी स्वच्छ आवाजात सांगितलं, "भात." त्याने वाढला. बाबांनी त्यातला घासभर खाल्ला आणि उरलेल्याकडे बघत बसले. मग रसम घेऊन सावकाश सगळा संपवला. टाकता येत नाही ना.

चिरंजीवांनी रसमच्या तीन वाट्या प्यायल्या. आता घरी रोज मागतो.

खाली उतरल्यावर स्टेशनच्या बाकावर आत्या दम खात बसली होती. ती सहज म्हणाली, "काय रे अण्णा, तीच चव आहे का?"

बाबा म्हणाले, "मला काय माहीत? मी पानावर आज पहिल्यांदा बसलो."

आम्ही सगळे गप्प. मग हळूहळू बाहेर आलं. घरून मनिऑर्डर यायची त्यात पानाचं पोटभर जेवण बसायचं नाही. बाबा लिमिटेडची ताटली घ्यायचे, चार वर्षं. एकदाच वाढलेलं, परत मागायचं नाही. ग्रुपमधले दोघं-तिघं पानावर बसायचे. दादाने विचारलं, "मग तुम्ही आम्हाला इतकी वर्षं सांगायचात ते पान पुसायचं, सांबारवाला धावत यायचा, ते?"

"समोर बसायचे ना ते. बघायचो."

"मग नोकरी लागल्यावर का नाही आलात?" हे मी विचारलं.

बाबांनी खिशातून रुमाल काढून हात पुसला, खरं तर आधीच पुसून झाला होता. म्हणाले, "पहिल्या पगाराला आलो होतो. जिन्यापर्यंत. एकट्याने जेवायचं काय, म्हणून परत गेलो." आणि इंडिकेटरकडे बघायला लागले.

अकरा जणांचा एकत्र फोटो तिथे निघालाच नाही. प्लॅटफॉर्मवर एका मुलीला मोबाईल दिला, तिने काढला. बाबांचे डोळे मिटलेले आहेत. वहिनीने पिशवीतून लपवून आणलेला केक तसाच घरी आला, रात्री फ्रिजमधून काढून खाल्ला.

दादाने हॉलची आगाऊ रक्कम परत मागितली आहे. मिळेलसं वाटत नाही.

डेक्कन_क्वीन

"बघायचो." अरे देवा.

माटुंग्याचा_जावई

मी गेली वीस वर्षं तिथे जातो. लिमिटेडवाल्यांच्या टेबलाकडे कधी लक्षही गेलं नाही. पुढच्या वेळी भात मागताना हात अडखळणार.

बाबांना नमस्कार सांगा.

भायखळा_ते_परळ

आजीच्या वहीत काही नावांपुढे 'अर्धं' असं लिहिलंय. मला वाटायचं अर्धे पैसे दिले. आज मामाला विचारलं. म्हणाला, अर्धं जेवण. तो दर वेगळा होता.

धागा काढते. थोडा वेळ द्या.

उगाच_खवचट

माझं मत मी मागे घेत नाही, पण वृत्तांत वाचून काल आईला फोन केला. विचारलं, त्या दादरच्या हॉटेलात निकालाच्या दिवशी तू काय खायचीस गं? थालीपीठच ना?

म्हणाली, "मी चहा घ्यायचे. थालीपीठ तुम्ही खायचात."

ओक_ट्री_रोड

खवचट, मग आता?

उगाच_खवचट

रविवारी तिच्याकडे जातोय. भाजणी घेऊन. मला लावता येत नाही, पण यूट्यूब आहे.

नवा_भिडू

छान चर्चा. एक शंका, पहिला मजला म्हणजे साधारण किती पायऱ्या? सासूबाईंना न्यायचंय.

कोकम_सरबत

@नवा_भिडू, चिरंजीवांनी मोजल्या होत्या, रसमच्या नादात विसरला. आई म्हणते शंभर. बाबा म्हणतात दहा-बारा.